ऑनलाइन घेतलेली जुनी गाडी सदोष निघाल्यास दाद कशी मागावी

जुनी गाडी ऑनलाइन घेतली, दारात आली आणि आठवड्याभरात इंजिनातून धूर येऊ लागला किंवा गिअर अडकू लागला, की बहुधा पहिल्यांदा घडते ते हे की ती जवळच्या गॅरेजमध्ये टाकली जाते. गाडी रोज लागणारी असते, कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो आणि विक्रेता फोन उचलत नसतो, त्यामुळे असे होणे स्वाभाविकच आहे. परंतु इंजिन एकदा खोलले, जुने भाग भंगारात गेले आणि हाती फक्त दुरुस्तीचे बिल उरले, की हा दोष विक्रीच्या वेळीच गाडीत होता हे दाखवणारा सर्वांत भक्कम पुरावा नाहीसा झालेला असतो. म्हणून गाडी सदोष असल्याची शंका आल्यापासून ग्राहक आयोगाच्या आदेशाची अंमलबजावणी होईपर्यंत भारतीय कायद्यानुसार कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, हे येथे मांडले आहे. यात सर्वाधिक महत्त्व पहिल्या काही दिवसांना आहे, कारण पुढे चांगला वकील मिळाला तरी त्या दिवसांत हातचे गेलेले कागद आणि सुटे भाग तो परत आणू शकत नाही.

झीज कोणती आणि दोष कोणता

जुन्या गाडीत थोडीफार झीज असणारच. टायर, बॅटरी, क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर हे भाग वापराने संपतात आणि त्यांच्यासाठी तक्रार करून सहसा काही हाती लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील 'दोष' या शब्दाची व्याख्या मात्र विचारपूर्वक वाचण्यासारखी आहे. वस्तूची गुणवत्ता, परिमाण किंवा दर्जा कायद्याने अथवा करारानुसार, मग तो करार स्पष्ट असो वा गृहीत असो, जसा असायला हवा होता तसा नसणे, असा तिचा आशय आहे. म्हणजे दोष ठरवताना गाडीची आजची अवस्था एकीकडे आणि विक्रेत्याने जाहिरातीत, तपासणी अहवालात व संदेशांत दिलेली ग्वाही दुसरीकडे, अशी तुलना होते. 'क्लच बदलावा लागेल' असे सांगून कमी किमतीत विकलेल्या गाडीचा क्लच गेला तर तक्रारीला जागा नाही. 'कसलेही काम नाही, फक्त चालवा' असे लिहून विकलेल्या गाडीचा तोच क्लच पहिल्या शंभर किलोमीटरांत गेला तर आहे. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा कणा हाच आहे. यंत्रातील बिघाड सिद्ध करणे अवघड आणि खर्चिक असते, परंतु विक्रेत्याने काय सांगितले होते आणि ते खोटे कसे ठरले, हे कागदावरूनही दाखवता येते.

ज्या गोष्टी दडवल्या जातात त्यांत मागे फिरवलेले किलोमीटर, लपवलेला मोठा अपघात, पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी आणि कागदपत्रांतील घोटाळा या प्रमुख आहेत. यांतील मीटर फिरवण्याचा प्रकार उघड करणे वाटते त्यापेक्षा सोपे आहे, कारण आकडा डॅशबोर्डवर बदलला तरी तो इतरत्र नोंदलेला राहतो. त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी क्रमांक देऊन गाडीचा सर्व्हिस इतिहास मागावा. समजा, जाहिरातीत ४८,००० किलोमीटर लिहिले आहेत आणि दोन वर्षांपूर्वीच्या जॉब कार्डवर ७१,००० नोंदलेले आहेत. असे एकच पान हाती आले तर त्यानंतर फारसे काही सिद्ध करावे लागत नाही. विमा कंपनीने पूर्वी केलेल्या तपासणीच्या छायाचित्रांतही बऱ्याचदा मीटर दिसतो. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार अंकी सांकेतिक आकडा असतो, त्यातील पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. 'टायर मूळचेच आहेत' असे सांगितले असेल आणि टायर गाडीपेक्षा चार वर्षांनी तरुण असतील, तर मीटरविषयी शंका घ्यायला तेवढे पुरे आहे. पेडलवरचे रबर गुळगुळीत झालेले आणि स्टिअरिंगची कातडी चकाकत असलेली, पण मीटरवर मात्र किरकोळ आकडा, हेही त्याच जातीचे लक्षण आहे, जरी त्याला स्वतंत्र पुरावा म्हणता येणार नाही.

पुरात बुडालेली गाडी वरून धुऊन, पॉलिश करून, नवीन मॅट घालून चकचकीत करता येते; काही जागा मात्र साफ करणाऱ्याच्या हातून सुटतात. चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत पूर्ण बाहेर ओढून पाहावेत, कारण पट्ट्याच्या आतल्या, एरवी गुंडाळलेल्या भागावर गढूळ पाण्याची रेषा राहिलेली असते. डिकीतील स्टेपनी काढून तिच्या खाचेच्या कोपऱ्यात बोट फिरवावे, तेथे सुकलेला गाळ सापडू शकतो. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सच्या पितळी टोकांवर धरलेला गंज किंवा हिरवट थर हेही पाहावे. अशा गाडीचे वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक भाग महिनोन्‌महिने हळूहळू दगा देत राहतात, म्हणून 'सेन्सर बदलला की ठीक होईल' या आश्वासनावर अशा गाडीच्या बाबतीत विसंबू नये.

स्कॅनर लावून केलेल्या तपासणीत आणखी एक गोष्ट कळते, जी मेकॅनिकला मुद्दाम विचारावी लागते. गाडी विकण्याआधी इंजिनाचा पिवळा दिवा घालवण्यासाठी संगणकातील बिघाडाचे कोड पुसलेले असतील, तर कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हा आकडा अनेक गाड्यांच्या संगणकात मिळतो. तो आकडा आणि ताबा मिळाल्यानंतर झालेले किलोमीटर जवळजवळ सारखे निघाले, तर विक्रीच्या तोंडावर कोड पुसले गेले होते असा अर्थ त्यातून निघतो. स्कॅनरच्या पडद्याचे छायाचित्र आणि छापील अहवाल दोन्ही घ्यावेत, आणि तोपर्यंत कोणालाही 'कोड क्लिअर' करू देऊ नये.

गाडी विकली कोणी

दाद कोठे मागायची हे या एका प्रश्नावर ठरते, आणि ऑनलाइन व्यवहारात त्याचे उत्तर अनेकदा धूसर ठेवलेले असते. संकेतस्थळाचे नाव मोठ्या अक्षरांत असते, पण बिलावर नाव भलत्याच कंपनीचे असते आणि आरसीवर तिसऱ्याच माणसाचे. त्यामुळे पैसे नेमके कोणाच्या खात्यात गेले, बिल किंवा विक्री करारावर सही कोणाची आहे आणि आरसीवर मालक कोण आहे, या तीन गोष्टी प्रथम लिहून काढाव्यात.

विक्रेता जुन्या गाड्यांचा व्यापारी असेल, किंवा संकेतस्थळ स्वतः गाड्या विकत घेऊन पुढे विकत असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा सरळ लागू होतो. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या व १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या बदलांनुसार अशा व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घेणे आवश्यक आहे. मूळ मालकाने गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९ग, म्हणजे इंग्रजी क्रमाने '२९ सी', या अर्जाद्वारे द्यायची असते, आणि त्यानंतर व्यापारी हा त्या गाडीचा मानीव मालक, म्हणजे कायद्याने मालक मानला जाणारा, ठरतो. 'आम्ही फक्त मधले, मालकाशी तुम्हीच बोला' असे उत्तर मिळाले तर ही सूचना दिली होती का, हे लेखी विचारावे.

संकेतस्थळ केवळ विक्रेता व ग्राहक यांची गाठ घालून देत असेल, तर ते स्वतःला मध्यस्थ म्हणवते आणि दुसऱ्याने टाकलेल्या माहितीसाठी मध्यस्थाला जबाबदार न धरणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मधील संरक्षण पुढे करते. हा बचाव प्रत्येक वेळी टिकेलच असे नाही. ज्या संकेतस्थळाने गाडीची स्वतः तपासणी केली, 'प्रमाणित' असा शिक्का मारला, वॉरंटी दिली आणि त्या बदल्यात शुल्क घेतले, त्याने ग्राहकाला एक सेवा पुरवली आहे, आणि ती तपासणी निष्काळजीपणे झाली असेल तर ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. २०१९ च्या कायद्यात त्रुटीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणेही समाविष्ट आहे. म्हणून तक्रार करताना विक्रेता आणि संकेतस्थळ या दोघांनाही सामनेवाले करावे, जबाबदारीची वाटणी आयोगाला करू द्यावी.

विक्रेता आपली एकुलती एक गाडी विकणारी खासगी व्यक्ती असेल, तर मार्ग वेगळा आहे. ती 'व्यापारी' या व्याख्येत बसत नाही, आणि २०२० चे ई-कॉमर्स नियमही व्यक्तिगत नात्याने, व्यवसाय म्हणून नव्हे, केलेल्या व्यवहाराला लागू होत नाहीत. तेथे भारतीय करार कायदा, १८७२ उपयोगी पडतो. वस्तुस्थिती माहीत असून ती सक्रियपणे लपवणे हे कलम १७ नुसार कपट आहे, आणि कपटाने किंवा दिशाभूल करून मिळवलेल्या संमतीचा करार कलम १९ नुसार फसवल्या गेलेल्या पक्षाला रद्द करता येतो. मात्र याच कलमात एक अपवाद आहे, ज्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही: संमती दिशाभुलीने किंवा कपटी मौनाने मिळवली होती एवढाच आधार असेल आणि साधी काळजी घेऊन सत्य कळू शकले असते, तर करार रद्द करता येत नाही. दावा दिवाणी न्यायालयात लावावा लागतो, त्याची मुदत साधारणपणे ३ वर्षांची असते, आणि कपटाच्या बाबतीत ती कपट उघडकीस आल्यापासून मोजली जाते.

पहिले काही दिवस

जाहिरात काढून टाकली जाण्यापूर्वी ती जपून ठेवणे हे पहिले काम आहे. केवळ गाडीच्या फोटोचा स्क्रीनशॉट पुरेसा नाही. पानाचा पत्ता, जाहिरातीचा क्रमांक, दिनांक, किलोमीटर, 'अपघातविरहित' यांसारखे शब्द आणि परतीच्या अटी, हे सर्व एकाच सलग स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये यावे. व्हॉट्सॲपवरचा संवाद निर्यात करून ईमेलवर पाठवून ठेवावा आणि मूळ फोन विकू किंवा रीसेट करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित प्रमाणपत्र द्यावे लागते. आयोगापुढे पुराव्याचे नियम दिवाणी न्यायालयाइतके काटेकोर नसले तरी ते प्रमाणपत्र जोडणे शहाणपणाचे आहे, कारण सामनेवाल्याचा वकील पहिला आक्षेप त्यावरच घेईल.

गाडीतील बिघाडाचे चित्रीकरण करावे. सकाळी इंजिन थंड असताना पहिल्यांदा सुरू करतानाचा आवाज, सायलेन्सरमधून निघणारा धूर आणि त्याचा रंग, डॅशबोर्डवर पेटलेले दिवे आणि मीटरचा आकडा एकाच चित्रफितीत दिसतील असे पाहावे. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो, तर इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा दाट धूर कूलंट ज्वलनकक्षात शिरत असल्याची, म्हणजे हेड गॅस्केट गेल्याची, शंका दाखवतो. ब्रेक किंवा स्टिअरिंगमध्ये दोष असेल तर गाडी चालवू नये, टो करून न्यावी आणि त्याची पावती ठेवावी.

याच दिवसांत एक कायदेशीर बाब नकळत विरोधात जाऊ शकते. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम ४२ नुसार ग्राहकाने नकार न कळवता वस्तू वाजवी काळापेक्षा अधिक ठेवून घेतली, तर त्याने ती स्वीकारली असे मानले जाते. आणि स्वीकारल्यानंतर सामान्यतः गाडी परत करण्याचा हक्क जाऊन केवळ नुकसानभरपाई मागता येते. त्यामुळे पैसे परत हवे असतील तर 'गाडी वर्णनाप्रमाणे नाही, मी ती स्वीकारत नाही, ताबा परत घेऊन रक्कम द्यावी' एवढा साधा ईमेल लगेच पाठवावा. तोंडी सांगितलेले पुढे कोणाला आठवत नाही. संकेतस्थळाने परतीसाठी ठरावीक दिवस किंवा किलोमीटरची मर्यादा घातली असेल तर ती ओलांडली जाऊ नये म्हणून मीटरकडेही लक्ष ठेवावे.

याच वेळी सरकारी 'परिवहन' संकेतस्थळावर किंवा ॲपवर गाडीची नोंद पाहावी. मालकांचा अनुक्रम, बँकेचा बोजा, विमा, फिटनेस आणि गाडी काळ्या यादीत आहे का, हे तेथे दिसते. 'एकाच मालकाची' म्हणून विकलेली गाडी तिसऱ्या मालकाची निघाली तर तो छापील उतारा थेट पुरावा आहे. मालकी हस्तांतरणाचा अर्ज अद्याप दाखल झाला नसेल तर नकाराच्या पत्रातच ते काम थांबवण्याची मागणी करावी. हस्तांतरण झाले असेल तर विमाही नावावर करून घ्यावा, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार त्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो, आणि वाद चालू असताना त्या गाडीला अपघात झाला तर दुहेरी संकट ओढवते.

तपासणीचा अहवाल

ओळखीच्या मेकॅनिकचे 'साहेब, ही गाडी ठोकलेली आहे' हे वाक्य खरे असले तरी आयोगासमोर त्याला वजन नसते. शक्यतो अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून किंवा विमा कंपन्यांसाठी काम करणाऱ्या परवानाधारक सर्व्हेअरकडून लेटरहेडवर अहवाल घ्यावा. त्यात चासी व इंजिन क्रमांक, तपासणीच्या दिवशीचे किलोमीटर, कोणता भाग कोणत्या अवस्थेत आढळला, दुरुस्तीचा अंदाजित खर्च, आणि सर्वांत महत्त्वाचे, हा दोष विक्रीच्या आधीपासून असावा असे तज्ज्ञाला का वाटते, हे कारणांसह लिहिलेले असावे. पुढचा खांब कापून पुन्हा वेल्ड केला असेल तर वेल्डच्या ठिपक्यांमधील असमानता. दरवाजाच्या बिजागरीच्या बोल्टवरील रंग तडकला असेल तर त्याचे जवळून घेतलेले छायाचित्र. रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राने प्रत्येक पत्र्यावर दाखवलेले आकडे. असा तपशील अहवालात असेल तर 'अपघात तुमच्याकडेच झाला' हा हमखास येणारा बचाव ढासळतो, कारण जुना गंज चढलेला वेल्ड सहसा तीन आठवड्यांपूर्वीचा नसतो.

तपासणीची तारीख विक्रेत्याला आधी लेखी कळवून उपस्थित राहण्याची संधी द्यावी. तो आला नाही तरी चालेल. संधी दिली होती हे महत्त्वाचे. दुरुस्ती टाळणे अशक्य असेल तर ती याच अहवालानंतर करावी, प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवावा आणि तो गॅरेजवाल्याला देऊन टाकू नये.

वॉरंटी असेल तर तिचा वापर अवश्य करावा, पण प्रत्येक फेरीचे जॉब कार्ड घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये, आणि जॉब कार्डवर आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहून घ्यावी. तेथे 'जनरल चेकअप' असे लिहिले गेले, तर तीच दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागली हे नंतर दाखवता येत नाही.

लेखी तक्रार आणि नोटीस

संकेतस्थळाच्या चॅटवर झालेले बोलणे ही तक्रार समजू नये. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार प्रत्येक ई-कॉमर्स संस्थेने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क जाहीर करणे बंधनकारक आहे. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. हेच नियम असेही सांगतात की वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये तिच्यात नसतील, तर ती परत घेण्यास वा पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. सोबतच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेथून आदेश निघत नाही, परंतु मोठ्या कंपन्या या टप्प्यावर तडजोडीला तयार होण्याची शक्यता असते, आणि त्यासाठी काही खर्चही नाही.

यानंतर नोटीस. ती वकिलाकडूनच पाठवली पाहिजे असे नाही. स्वतः लिहून स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही पाठवता येते. नोटिशीत राग नको, घटनाक्रम हवा: कोणत्या दिवशी कोणती जाहिरात पाहिली, कोणती ग्वाही मिळाली, किती रक्कम कशी दिली, ताबा कधी मिळाला, दोष कधी दिसला, तज्ज्ञ काय म्हणतो, आणि आता नेमके काय हवे आहे. १५ दिवसांची मुदत द्यावी. तडजोडीचा प्रस्ताव आला तर तो लेखी घ्यावा, आणि पैसे खात्यात जमा होण्यापूर्वी 'माझी कसलीही तक्रार उरलेली नाही' अशा मजकुरावर सही करू नये.

बहुतेक करारांत बारीक अक्षरांत 'गाडी जशी आहे तशी विकली आहे' असे कलम असते आणि अनेक ग्राहक ते वाचून तेथेच हार मानतात, याचे मला वाईट वाटते. ज्या दोषांविषयी कोणीच काही बोलले नव्हते त्यांच्या बाबतीत या कलमाला अर्थ आहे. 'अपघातविरहित' असे खोटे लिहून संमती मिळवल्यावर मात्र त्याच करारातील कलमाआड कपट दडवता येत नाही.

ग्राहक आयोगापुढे

गाडीसाठी प्रत्यक्ष दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक रकमेसाठी राष्ट्रीय आयोग आहे. विक्रेता दुसऱ्या राज्यात असला तरी तिकडे जावे लागत नाही, कारण २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ ने तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. ऑनलाइन खरेदीसाठी या तरतुदीचा फार मोठा आधार आहे. 'सर्व वाद अमुक शहरातील न्यायालयातच' असे करारात लिहिलेले असले, तरी ते पाहून माघार घेऊ नये. शुल्क अल्प आहे: ५ लाखांपर्यंत काहीच नाही, ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये, १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये आणि २० ते ५० लाखांसाठी १,००० रुपये. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, वकील लावणे सक्तीचे नाही, आणि सुनावणीला व्हिडिओद्वारे हजर राहण्याची विनंतीही करता येते.

गाडी भाड्याने चालवण्यासाठी किंवा पुढे विकण्यासाठी घेतली असेल तर 'व्यापारी हेतू'चा आक्षेप येतो. स्वयंरोजगारातून स्वतःचे पोट भरण्यासाठी स्वतः चालवण्याकरिता घेतलेल्या गाडीला कायद्याने सूट दिली आहे, पण तसे तक्रारीतच स्पष्ट लिहावे लागते.

मुदत २ वर्षांची आहे आणि ती तक्रारीस कारण घडल्यापासून मोजली जाते. येथे पुष्कळांचा एक गैरसमज नुकसान करून जातो: विक्रेत्याशी पत्रव्यवहार चालू आहे तोवर मुदतही थांबलेली आहे, असे ते समजतात. ती थांबत नाही. 'पुढच्या महिन्यात बघू' अशी उत्तरे घेत दीड वर्ष गेले असेल तर आता नोटीस देऊन लगेच तक्रार दाखल करावी. मुदत उलटलीच तर विलंबमाफीचा अर्ज पुरेशा कारणांसह द्यावा लागतो आणि तो मंजूर होईलच याची शाश्वती नसते.

तक्रारीत मागण्या लिहिताना पर्याय ठेवावेत. गाडी परत घेऊन पूर्ण किंमत व्याजासह द्यावी ही मुख्य मागणी, आणि ती मान्य नसेल तर दुरुस्तीचा पूर्ण खर्च व किमतीतील घट द्यावी ही पर्यायी मागणी. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या प्रकरणात, वॉरंटीमध्ये सदोष भाग बदलून देण्याचेच बंधन असताना संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य ठरत नाही, असे म्हटले होते. ते प्रकरण नव्या गाडीचे होते, परंतु तोच युक्तिवाद जुन्या गाडीच्या वॉरंटीबाबतही केला जातो. म्हणूनच तक्रार केवळ वॉरंटीवर उभी करू नये. खोटी ग्वाही आणि अनुचित व्यापारी प्रथा हा पाया ठेवला, तर वॉरंटीची मर्यादा आड येण्याचे कारण उरत नाही. आरटीओ शुल्क, विम्याचा हप्ता, टोइंग, तपासणी शुल्क, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च हे स्वतंत्रपणे आणि पावत्यांसह मागावेत.

तक्रार दाखल झाल्यावर ती स्वीकारायची की नाही, हे आयोगाने साधारणपणे २१ दिवसांत ठरवायचे असते. आयोगाची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत, आणि आयोगाने मुभा दिल्यास आणखी १५ दिवसांत, सामनेवाल्याने म्हणणे मांडायचे असते. ही कमाल मर्यादा वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. दोषासाठी तांत्रिक तपासणीची गरज असेल तर आयोगाकडून स्वतंत्र तपासणी करून घेण्याचा अर्ज सुरुवातीलाच द्यावा, कारण एका बाजूने आणलेल्या अहवालापेक्षा आयोगाने मागवलेल्या अहवालाला अधिक मान असतो. कायद्यात तपासणीविना ३ महिने आणि तपासणीसह ५ महिने असा कालावधी लिहिलेला आहे. प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक वेळ लागतो, हे मनाशी धरूनच कर्ज व दुसऱ्या वाहनाची सोय करावी. कर्जाचे हप्ते मात्र थांबवू नयेत. बँकेचा करार वेगळा आहे, आणि विक्रेत्यावरच्या रागातून हप्ते थकवले तर नुकसान आपल्याच पतमानांकनाचे होते.

पोलिसांकडे केव्हा जावे

चोरीची गाडी, खोडून पुन्हा ठोकलेला चासी क्रमांक, बनावट आरसी, किंवा पैसे घेऊन गाडी न देताच नाहीसा झालेला विक्रेता, अशा प्रकरणांत ग्राहक आयोगाची वाट पाहू नये. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वी ती गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. फसवणुकीसाठी आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू होते. ठाण्यात 'हा दिवाणी वाद आहे' असे सांगून परत पाठवले तर तक्रार लेखी देऊन पोच घ्यावी, तीच पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, आणि तरीही दखल घेतली गेली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. चोरीची गाडी आपल्याकडे असल्याचे कळल्यावर ती पुढे विकून मोकळे होण्याचा विचारही करू नये. तसे केल्यास आपणच आरोपी होऊ शकतो.

गाडी नुसती खराब निघाली असेल तर मात्र फौजदारी तक्रारीने पैसे लवकर मिळतील, ही अपेक्षा ठेवू नये. विक्रीच्या क्षणीच फसवण्याचा हेतू होता, हे तेथे दाखवावे लागते.

आदेश मिळाल्यानंतर

सामनेवाल्याला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, परंतु त्यासाठी आदेशातील रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. अपील झाले नाही आणि पैसेही आले नाहीत, तर त्याच आयोगात अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करावी. कलम ७१ नुसार आदेशाची अंमलबजावणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे होते, आणि कलम ७२ नुसार आदेश न पाळणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षे कैद, किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कंपनी असेल तर दरखास्तीत तिच्या जबाबदार संचालकांची नावे नोंदणीच्या कागदांवरून आधीच काढून ठेवावीत.

गाडी परत करण्याचा आदेश असेल तर रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय ताबा देऊ नये. ताबा देताना नमुना २९ व ३० वर सह्या घेऊन मालकी हस्तांतरणाचा अर्ज त्याच दिवशी दाखल करावा, बँकेचा बोजा असल्यास तो उतरवण्याचा नमुना ३५ घ्यावा, आणि तारीख, वेळ, किलोमीटर व गाडीची अवस्था लिहिलेल्या ताबापावतीवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. आरसीवर आपले नाव राहिले आणि त्या गाडीने पुढे कोणाला धडक दिली, तर नोंदणीकृत मालक म्हणून भरपाईची जबाबदारी आपल्यावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सांगितले आहे. म्हणून 'परिवहन'च्या नोंदीत मालकाचे नाव बदललेले दिसेपर्यंत दर काही दिवसांनी ती नोंद उघडून पाहत राहावे, आणि नाव महिनाभरात बदलले नाही तर ताबापावतीची प्रत जोडून आरटीओला लेखी कळवावे.